शारदेचं लग्न कुणी मोडलं?

स्मरणिकेच्या समितीनं मला 'संगणक क्षेत्रातील बदलती आव्हानं' असा विषय सुचवला होता. आपल्या बॅचमधले निम्मे जण त्याच क्षेत्रात आहेत आणि उरलेल्यांची मुलं त्यात आहेत, मग हे वाचणार कोण, असं मी विचारलं. त्यावर 'तुला हवं ते लिही, पण वेळेत दे' असं उत्तर आलं. मला हवं होतं ते नववी ब च्या शनिवारांविषयी लिहायला. म्हणजे एका नाटकाविषयी, आणि त्या नाटकाच्या निमित्तानं आपण काय पाहिलं आणि काय पाहिलं नाही याविषयी.

१९९४-९५ सालची गोष्ट. आपलं गाव तेव्हा औरंगाबाद होतं. शनिवारी सकाळची शाळा असायची आणि शेवटचे दोन तास पीटीचे. पावसाळ्यात मैदानात चिखल झाला की आपण वर्गातच बसून गोंधळ घालायचो. मराठीच्या बाईंनी ते दोन तास मागून घेतले. लायब्ररीच्या कपाटातून त्यांनी एक पुस्तक काढून आणलं होतं. जाड पुठ्ठ्याची बांधणी, पिवळी पडलेली पानं, कडेला वाळवीनं काढलेली नक्षी. गोविंद बल्लाळ देवल यांचं 'संगीत शारदा'. प्रत एकच, आपण बासष्ट जण. झेरॉक्स तेव्हा रुपयाला एक पान होतं आणि रुपया मोठा होता. म्हणून बाईंनी ठरवलं, रोज दहा-बारा ओळींचा संवाद फळ्यावर लिहायचा, सगळ्यांनी वहीत उतरवून घ्यायचा आणि उरलेला वेळ त्या दहा-बारा ओळींवरच घालवायचा. 'पोर्शन संपवायची घाई नाही, कारण पोर्शनमध्ये हे नाहीच,' असं त्या म्हणाल्याचं मला आठवतं. फळ्यावर लिहायचं काम वर्गातल्या एका मैत्रिणीकडे होतं, कारण तिचं अक्षर छान होतं. तिचं नाव मी लिहीत नाही. वाचून तुमच्या लक्षात येईल, आणि आलं तरी ते तुमच्यापाशीच ठेवा. तिच्याशी बोलून, तिला वाचून दाखवूनच हा लेख दिला आहे.

तोपर्यंत आपल्याला मराठी शिकणं म्हणजे गाईडमधली उत्तरं पाठ करणं एवढंच ठाऊक होतं. 'लेखकाला काय सुचवायचे आहे' या प्रश्नाला सात मुद्दे, प्रत्येकी अर्धा मार्क. बाईंचे प्रश्न वेगळेच होते. हे वाक्य कोण म्हणतंय? कुणाला म्हणतंय? त्या वेळी खोलीत आणखी कोण आहे, जो गप्प आहे? हेच वाक्य तो दुसऱ्या कुणासमोर म्हणाला असता का? हे वाक्य खोडलं तर पुढचं काय अडेल? पहिले दोन शनिवार आपण नुसते एकमेकांकडे बघत बसलो. तिसऱ्या शनिवारी त्यांनी एकही संवाद फळ्यावर लिहू दिला नाही. नुसती पात्रांची नावं लिहायला लावली आणि म्हणाल्या, आता यांचा अर्थ सांगा.

कांचनभट. सुवर्णशास्त्री. हिरण्यगर्भ. संस्कृतचा पेपर असलेल्यांनी पटकन हात वर केले. तिन्ही सोनंच! वर्गात हशा पिकला. मुलगी विकायला निघालेल्या बापाचं नाव सोनं, आणि त्याच्या आसपास वावरणाऱ्या मंडळींची नावंही सोनंच. पैसेवाल्या म्हाताऱ्या नवऱ्याचं नाव भुजंगनाथ, म्हणजे सापांचा धनी. लग्न जुळवणारा दलाल भद्रेश्वर, आणि भद्र म्हणजे तर शुभ! विरोध करणारा तरुण कोदंड, म्हणजे धनुष्य. आणि मुलगी शारदा, विद्येची देवता. नुसत्या नावांच्या यादीत देवलांनी अख्खं नाटक सांगून टाकलं होतं आणि आपण ते पाच मिनिटांत उलगडलं होतं. मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदा आपल्याला कळलं, की छापलेलं पुस्तकही उघडून आत बघता येतं, रेडिओसारखं.

देवलांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तेव्हा बाईंनी जे सांगितलं त्यात मी पुढे बरीच भर घातली आहे. त्यांचा जन्म १८५५ साली सांगलीजवळच्या हरिपूरचा. शिक्षण बेळगावला झालं, आणि तिथंच त्यांना अण्णासाहेब किर्लोस्कर भेटले. किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि दोन वर्षांनी 'सौभद्र'. मराठी संगीत नाटकाची ती सुरुवात. देवल त्यांचे शिष्य म्हणावेत असे. त्यांच्या नावावर सात नाटकं आहेत आणि त्यातली सहा दुसऱ्यांच्या कृतींवर बेतलेली. 'मृच्छकटिक' शूद्रकाचं, 'विक्रमोर्वशीय' कालिदासाचं, 'शापसंभ्रम' बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून, 'झुंजारराव' शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून, 'दुर्गा' आणि 'संशयकल्लोळ' हीसुद्धा इंग्रजी नाटकांवरूनच. सर्वस्वी स्वतःचं असं एकच, 'शारदा'. ते १८९९ च्या जानेवारीत इंदूरला किर्लोस्कर नाटक मंडळीनं पहिल्यांदा केलं. देवल १९१६ साली गेले.

देवल तालीममास्तर म्हणूनही तितकेच नावाजलेले होते. नटाला वाक्याचा अर्थ कळल्याशिवाय ते त्याला पुढे जाऊ देत नसत, असं त्यांच्याविषयी सांगतात. म्हणजे बाईंनी शनिवारी आपल्याशी जे केलं ते देवलांनी नटांशी केलं होतं. शाळेत नाटक शिकवायची ही रीत कुठल्या बी.एड. च्या पुस्तकातून आलेली नसावी, ती तालमीतून आलेली आहे, असं मला आता वाटतं. ज्याला उभं राहून ते वाक्य लोकांसमोर म्हणायचंय, त्याला सात मुद्दे पाठ करून भागत नाही.

ज्यांना गोष्ट आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. भुजंगनाथ हा श्रीमंत म्हातारा विधुर. त्याला पुन्हा बोहल्यावर चढायचंय. भद्रेश्वर दीक्षित त्याच्यासाठी गरीब, लोभी कांचनभटाची कोवळी मुलगी हेरतो. पैशांची बोलणी होतात. शारदेच्या मैत्रिणी आधी नवऱ्याच्या वयावरून थट्टा करतात, मग थट्टा करण्यासारखं काही उरत नाही. आईला हे नकोय, पण तिच्या शब्दाला घरात किंमत नाही. शंकराचार्यांच्या मठाशी संबंध असलेला कोदंड हे लग्न मोडायला धडपडतो. ऐन लग्नाच्या वेळी उघडकीला येतं, की नवरा आणि नवरी सगोत्र आहेत. एका गोत्रात लग्न होऊ शकत नाही. लग्न थांबतं. पण मोडलेल्या लग्नाच्या मुलीपुढे वाट उरत नाही. ती जीव द्यायला निघते, कोदंड तिला वाचवतो आणि शंकराचार्यांच्या संमतीनं दोघांचं लग्न होतं. पडदा.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी आपण सगोत्राच्या प्रसंगापाशी आलो. फळ्यावरचा उतारा वाचून झाला. सगळ्यांना हायसं वाटलं होतं. मागच्या बाकावरून टाळ्याही वाजल्या. बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "लग्न कुणी मोडलं?"

कोदंडानं, असं मुलं म्हणाली. नाही, कोदंड आधीपासून विरोध करत होता, त्यानं मोडलं नाही. शंकराचार्यांनी? नाही. देवानं, असं कुणीतरी म्हणालं. बाई हसल्या. फळ्यापाशी खडू घेऊन उभी असलेली आपली मैत्रीण हळूच म्हणाली, "गोत्रानं."

"आणि गोत्र वेगळं असतं तर?"

कुणीच काही बोललं नाही. मला अजून ती शांतता आठवते, कारण तेव्हा खालच्या वर्गात चाललेले पाढे ऐकू येत होते. बाईंनी उत्तर सांगितलं नाही. घंटा झाली आणि आपण दप्तरं उचलून पळालो.

तो प्रश्न माझ्यासोबत राहिला. इंजिनिअरिंग करताना नाही, त्या चार वर्षांत मी काहीच वाचलं नाही. नोकरी लागल्यावर, पुण्यात, शनिवार-रविवारी ग्रंथालयात बसून मी त्या प्रश्नाच्या मागे लागले. मला आढळलं ते असं.

१८९९ च्या आधीची पंधरा वर्षं या विषयानं महाराष्ट्र ढवळून निघाला होता. बेहरामजी मलबारींनी १८८४ साली बालविवाहाविरुद्ध टिपणं प्रसिद्ध केली. त्याच सुमारास मुंबईत रखमाबाईंवर खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नांदायला जा नाहीतर तुरुंगात. त्या तुरुंगाला तयार झाल्या. पुढे तडजोड झाली, त्या विलायतेला गेल्या आणि डॉक्टर होऊन परत आल्या. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत मुलींसाठी आणि विधवांसाठी 'शारदा सदन' काढलं. देवलांच्या शारदेच्या दहा वर्षं आधी एक घर तिच्याच नावानं उघडं होतं. पण तिला ते सुचत नाही, तिला फक्त पाणी दिसतं. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि वय दहावरून बारा केलं. दोन वर्षांनी काय वाढवलं म्हणून केवढा गदारोळ उठला, हे आपण इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत वाचलं होतं.

यातला कुठलाही कायदा भुजंगनाथाला अडवू शकत नव्हता. संमतिवयाचा कायदा शरीरसंबंधाविषयी होता, लग्नाविषयी नव्हता. आणि नवऱ्याचं वय कितीही असावं, त्याला कुणाची हरकत नव्हती. हिंदुस्थानात एका ठिकाणी मात्र होती, आणि ते वाचून मी ग्रंथालयात चक्क टेबलावर हात आपटला होता. म्हैसूर संस्थानानं १८९४ साली केलेल्या कायद्यात आठ वर्षांखालच्या मुलीचं लग्न गुन्हा ठरवलं होतंच, शिवाय पन्नाशीच्या पुढच्या पुरुषानं चौदा वर्षांखालच्या मुलीशी लग्न करणं हासुद्धा गुन्हा होता. 'शारदा' रंगभूमीवर येण्याच्या पाच वर्षं आधी! म्हणजे भुजंगनाथ म्हैसूरला असता तर देवलांना गोत्राची गरज पडली नसती, फौजदार पुरला असता. पण आपल्याकडे तसा फौजदार नव्हता. देवलांनी कथेचा शेवट जुळवण्यासाठी योगायोगाची मदत घेतली, असं टीकाकार म्हणतात. मला वाटतं देवलांनी जे होतं तेच वापरलं. त्या काळच्या त्या समाजात बोहल्यावरचं लग्न मोडण्याची ताकद मुलीच्या रडण्यात नव्हती, आईच्या विनवणीत नव्हती, सरकारात नव्हती, ती फक्त शास्त्राच्या एका नियमात होती. नाटककारानं तेवढं एकच हत्यार उचललं.

पुढची गंमत बघा. १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा आला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मुलीचं वय चौदा, मुलाचं अठरा. त्याला आपल्याकडे 'शारदा कायदा' म्हणतात. मला कित्येक वर्षं वाटायचं, की नाटकावरून ते नाव पडलं. तसं नाही. तो मांडणारे अजमेरचे हरबिलास सारडा, त्यांच्या आडनावावरून ते नाव. आपल्या जिभेवर सारडाचं शारदा झालं, यात थोडा हात देवलांचा असावा असं मला अजूनही वाटतं. या कायद्यानं लग्न लावणाऱ्यांना शिक्षा ठरवली, पण लागलेलं लग्न रद्द ठरवलं नाही. १९७८ मध्ये वयं वाढून मुलीचं अठरा आणि मुलाचं एकवीस झालं, तरी लग्न कायम. २००६ च्या कायद्यानं त्या अल्पवयीन मुलीला किंवा मुलाला कोर्टात जाऊन ते रद्द करून घेण्याची मुभा दिली, पण पाऊल तिनंच उचलायचं. आणि गोत्र? सगोत्र लग्नाची आडकाठी १९४६ च्या कायद्यानं काढून टाकली, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही ती नाही. ते योग्यच झालं. पण त्याचा अर्थ असा, की शारदेला ज्या एका गोष्टीनं वाचवलं ती गोष्ट कायद्यानं काढून टाकली, आणि तिच्या जागी जे आणलं त्यात बोहल्यावरचं लग्न मोडण्याची तेवढी ताकद नव्हती. कोडमध्ये एक जुनी, वेडीवाकडी अट असते. सगळे तिला नावं ठेवतात. एक दिवस कुणीतरी ती काढून टाकतं आणि मग कळतं, की तिच्यावर काय काय अडलेलं होतं. माझ्या धंद्यात हे महिन्यातून एकदा होतं.

आपल्या मराठवाड्याचा हिशेब तर आणखी निराळा. १९२९ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता आणि आपण निजामाच्या राज्यात होतो. माझी आजी वैजापूर तालुक्यातली. तिचं लग्न १९४१ साली झालं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिची मावशी येवल्याला राहायची, म्हणजे नाशिक जिल्ह्यात, इंग्रजांच्या हद्दीत. बैलगाडीनं एका दिवसाची वाट. येवल्याला तेच लग्न गुन्हा झाला असता, वैजापूरला तो कायदाच लागू नव्हता. आजीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणूनच मावशीच्या पोरीचं लग्न आमच्या वाड्यात लागलं होय!" सत्तर वर्षं ती हे लग्नाच्या आठवणींत मोजत आली होती, वऱ्हाड एवढ्या लांब का आलं याचं उत्तर तिला त्या दिवशी मिळालं. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, एका म्हातारीचं बोलणं आहे. पण हद्दीच्या अलीकडे येऊन लग्न लावणं कुणाला सुचलं नसेल, असं मला वाटत नाही.

आता जे लिहायचं ते लिहिते.

१९९६ च्या मार्चमध्ये आपली दहावीची परीक्षा झाली आणि मे महिन्यात, निकालाच्या आधी, फळ्यावर लिहिणाऱ्या आपल्या मैत्रिणीचं लग्न झालं. ती सोळाची होती. आपण बारा-तेरा जणी गेलो होतो. तुमच्यापैकी काहींकडे तो फोटो असेल, मंडपाच्या कनातीपुढे आपण सगळ्या ओळीनं उभ्या आहोत आणि ती मध्ये आहे. आपण जिलेबी खाल्ली, तिची साडी बघितली, पंख्याखाली जागा पकडली. वर्षभर शनिवारी बसून ज्यांनी 'या खोलीत गप्प कोण आहे' हे शोधायला शिकलं होतं, त्याच आपण. कुणाच्याही मनात शारदा आली नाही. माझ्या तरी नाही. निकाल लागला तेव्हा तिची गुणपत्रिका तिच्या वडिलांनी नेली. मराठीत तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते.

यंदा स्नेहमेळाव्यासाठी नंबर गोळा करताना ती सापडली. फोनवर मी दोन वाक्यांतच रडायला लागले आणि माफी मागायला लागले. तिला ते फारसं आवडलं नाही. म्हणाली, "अगं, माझा नवरा काही भुजंगनाथ नव्हता. बावीस वर्षांचा होता, दिसायला बरा, नोकरीला. पैसेही कुणी घेतले नाहीत, उलट आम्हीच दिले. म्हणून तुम्हाला कुणाला काही वाटलं नाही. मलासुद्धा नाही वाटलं. मी शारदा असेन असं माझ्या डोक्यातच नाही आलं, कारण म्हातारा कुठं होता?"

हे ऐकून मी 'शारदा' पुन्हा काढून वाचलं. तिचं बरोबर आहे. देवलांचा राग म्हाताऱ्यावर आहे, सौद्यावर आहे. जरठ-कुमारी विवाह आणि कन्याविक्रय हे त्यांचं लक्ष्य. त्याच वयाच्या शारदेला बावीस वर्षांचा, गोत्र जुळणारा, पैसे न मागणारा मुलगा सांगून आला असता तर नाटकच झालं नसतं. ते लग्न १८९९ च्या प्रेक्षकानं पंगतीत बसून साजरं केलं असतं. आणि १९९६ मध्ये आपणही तेच केलं. नाटकानं आपल्याला पांढरे केस बघायला शिकवलं, आणि जिथं पांढरे केस नव्हते तिथं आपण काहीच पाहिलं नाही. यात देवलांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांनी त्यांच्या काळात जे केलं ते मोठं धाडस होतं आणि त्यामुळे कित्येक लग्नं मोडली असतील. पण बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आपण कधी विचारलाच नाही. गोत्र वेगळं असतं तर, हे विचारलं. नवरा तरुण असता तर, हे नाही.

आणि ही जुनी गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. आपल्या शेजारच्या बीड आणि परभणी जिल्ह्यांत हा आकडा चाळीसच्या पुढे आहे. यातले भुजंगनाथ किती असतील? फार थोडे. बाकी सगळे बावीस-पंचविशीचे, बरे दिसणारे.

हा लेख लिहायच्या आधी मी बाईंना भेटायला गेले. त्या आता गारखेड्यात मुलाकडे असतात, गुडघ्यांचा त्रास आहे, पण वाचन चालू आहे. मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी गेले होते तिच्या घरी. लग्नाच्या पंधरा दिवस आधी." मला हे माहीत नव्हतं, तिलाही माहीत नव्हतं. बाई एकट्या, रिक्षा करून, उन्हात तिच्या वडिलांना भेटायला गेल्या होत्या. मुलगी हुशार आहे, निदान बारावी होऊ द्या, असं सांगायला. वडिलांनी त्यांना फार मानानं बसवलं. तीन बहिणींची ही थोरली, स्थळ चांगलं चालून आलंय, तुम्ही गुरू आहात, आशीर्वाद द्यायला या, असं म्हणाले. चहा आला. "मी चहा घेतला आणि परत आले," बाई म्हणाल्या. "कायदा सांगायला हवा होता. तोंडापर्यंत आला होता. पण म्हटलं, पोरीच्या लग्नात पोलिस आणणारी बाई म्हणून पुढच्या वर्षी माझ्या वर्गात मुली कोण पाठवील?" मग त्यांनी मलाच विचारलं, "त्या खोलीत गप्प कोण होतं, सांग बरं?"

मी हे मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, "बाई आल्या होत्या? मला आतल्या खोलीत बसवलं होतं बहुतेक. चहा मीच केला असणार." मग जरा थांबून म्हणाली, "साखर जास्त झाली असेल, तेव्हा माझी व्हायची."

तिचं पुढे बरं चाललं आहे, हे तुम्हाला ऐकून आनंद होईल म्हणून सांगते. बाहेरून बारावी केली, मग बी.ए. केलं, तेही मराठी घेऊन. तिची मुलगी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वय एकोणीस. घरात स्थळांचा विषय निघाला की ही उठून स्वयंपाकघरात जाते आणि मोठ्यानं भांडी वाजवते, असं तिनं स्वतः सांगितलं. शनिवारच्या त्या दोनशे पानी वहीचं काय झालं विचारलं, तर ती तिच्याकडे नाही. माहेरी माळ्यावर होती, घर पाडलं तेव्हा रद्दीत गेली.

शाळेच्या लायब्ररीत मी चौकशी केली. ती प्रत अजून आहे, नंबर पडलेला आहे, पहिली काही पानं सुटली आहेत. मेळाव्याच्या दिवशी दुपारी नववी ब च्या जुन्या वर्गात अर्धा तास मागून घेतला आहे. बाईंना वर जिना चढवणार नाही, म्हणून मुख्याध्यापकांनी तळमजल्यावरची खोली देऊ केली आहे, तिथं फळा आता पांढरा आहे, मार्करचा. मैत्रीण जेवणानंतर येईल. सकाळी तिच्या मुलीची प्रॅक्टिकल आहे आणि तिला सोडायला हिलाच जायचं आहे.